झेललेला दगड

जोमाने दगड मारला तेव्हा तो नऊ वर्षांचा होता,
मी सहा.
पावण्याच्या मागे, जिथे डोंगर अर्धा कापून ठेवलेला,
खाणीच्या उभ्या भिंतीत हुमा बसायचा,
डोक्यावर पिसांची दोन शिंगं,
आणि दिवेलागण झाली की
बूऽ... हू
रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी हाक मारावी तसा.

दगड गेला. वर काही हललं.
दगड खाली पडल्याचा आवाज
आला नाही.

एवढंच.
पण मी घरी येऊन सांगितलं. मला सांगायची फार हौस.
आयने निवडायला घेतलेला जवळा सुपातच ठेवला.
“कनाला मारलास रं? घुबर दगर झेलतं.
खारीवर नेतं, पान्यान बुरवून रोज रातचा घासतं.
दगर झिजल तसा मानूस झिजल.”
जोमा हसला, आणि माझ्या पाठीत गुद्दा घातला.

त्या रात्री मी ऐकलं:
लांबून, सावकाश, खर्र... खर्र...
खाणीतला क्रशर रात्रपाळीला चालायचा
हे मला माहीत होतं.
तरी मी ऐकलं.

सोळाव्या वर्षी जोमा त्याच खाणीत लागला.
शेतं गेली होती, बाने चेकचे पैसे कधीच संपवले होते.
तोंडाला बांधायला आयच्या लुगड्याचा तुकडा.
संध्याकाळी यायचा तो गिरणीतून आल्यासारखा,
पापण्या पांढऱ्या, भुवया पांढऱ्या.
आम्ही ओरडायचो, म्हातारा आला, म्हातारा आला.

तिशीत तो चढावर थांबायला लागला.
कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने एक भोक पाडलं,
मग आणखी एक.
टीबी, म्हणाले. गोळ्या. पुन्हा टीबी, पुन्हा गोळ्या.
भगताने कोंबडा घेतला, नारळ घेतला,
आणि घुबडाचं नाव घेतलं.
मग वाशीला एका पोरगेल्या डॉक्टरणीने
छातीचा फोटो उजेडाकडे धरून विचारलं,
काम काय करता?
इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

आय सुकतीची वाट बघायची.
पाणी उतरलं की पोटरीभर चिखलात,
निवट्या इकडेतिकडे उडतायत,
ही गुळगुळीत दगड शोधतेय.
मिळेल तो आणायची, पदराने पुसायची,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकून फळीवर.
“कोरडा राहिला का त्याला घासता येनार नाय.”
एक डबा भरला. तिने दुसरा आणला.
जोमा खोकला थांबेपर्यंत थांबायचा आणि म्हणायचा,
“आये, यात माझा कंचा?”

तो गेला त्या रात्री हुमा ओरडला,
असं भावकीतली सात माणसं सांगतात.
मी उशाशी होते.
मी ऐकलं ते असं, की दोनच्या सुमारास क्रशर थांबला,
चहासाठी थांबायचा तसा,
आणि मग पुन्हा सुरू झाला.

आता खाण बंद आहे. तळाशी हिरवं पाणी साचलंय.
हुमा तिथेच आहे, नाहीतर त्याचा नातू.
टॉवरमधली माणसं गच्चीवरून
लांब नळीच्या कॅमेऱ्याने त्याचे फोटो काढतात.
जोमाचा प्रणित विचारतो, आत्या, हा खातो काय?
उंदीर, मी म्हणते.

आयच्या मागे फळी उतरवली.
डबा जड, झाकण गंजलेलं. चमच्याने उचकटलं.
दगड होते तसेच, कोरडे ठणठणीत.
त्यांच्याखाली, तळाला,
बोटभर बारीक पांढरी पूड.

दुपारी सुरुंग लागायचे. भांडी वाजायची,
देवांच्या तसबिरी तिरक्या व्हायच्या.
डब्याकडे कोण बघतंय.

मी बोट बुडवलं. धुतलं.
पुन्हा धुतलं.
प्रणितला म्हटलं, खिडकी लाव.
तो म्हणाला,
थांब ना आत्या, बोलतोय तो.